दुर्योधन पडला, नऊ पर्वं उरली

महाभारताच्या अठरा पर्वांपैकी दुर्योधन मांडी फुटून पडतो तो नवव्या, म्हणजे शल्यपर्वात. पुढे नऊ पर्वं शिल्लक असतात. ज्याच्या हट्टापायी अठरा अक्षौहिणी सैन्य कुरुक्षेत्रावर उभं राहिलं तो हरला की गोष्ट संपली, असा आपला सरळ हिशेब. व्यासांचा तसा नाही. भीमाची गदा कमरेखाली बसते, म्हणजे गदायुद्धाचा नियम मोडून बसते, आणि संतापलेला बलराम नांगर उचलून भीमावर धावतो. मरायला टेकलेला दुर्योधन कृष्णाला ऐकवतो की भीष्म, द्रोण, कर्ण यांतला एकही तुम्ही सरळ मारला नाहीत. आकाशातून फुलं पडतात तीही त्याच्यावर. जिंकलेले पांडव माना खाली घालून उभे. त्याच रात्री अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो आणि द्रौपदीची पाचही मुलं मारतो. मग स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर येते आणि कृष्णाला शाप देते. शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तेव्हा समोर थाटात बसलेला दिसतो तो दुर्योधनच.

भासाने तर याच्याही पुढे जाऊन 'ऊरुभंग' हे एकांकी नाटक दुर्योधनाच्याच बाजूने लिहिलं. रंगमंचावर मृत्यू दाखवायचा नाही हा संस्कृत नाटकांचा सर्वसाधारण संकेत. इथे मात्र नायक होऊन बसलेला खलनायक प्रेक्षकांसमोर मरतो. त्यातली एक जागा विसरता येत नाही. लहानगा दुर्जय नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसायला येतो आणि बापाला त्याला अडवावं लागतं, कारण मांड्याच उरलेल्या नाहीत. भरसभेत याच मांडीवर थाप मारून त्याने द्रौपदीला बोलावलं होतं. शिक्षा कुठे आणि कशी बसली हे सांगायला भासाला एकही उपदेशाचं वाक्य लागलेलं नाही.

गोष्ट लिहिणाऱ्याला खलनायक हरवणं मुळात अवघड नसतं. लेखणी त्याच्याच हातात असते. दरड कोसळवता येते, पोलिसांची जीप आणता येते, नाहीतर एका पानात पश्चात्ताप. अडचण पुढे असते. तो कशाने हरला, कुणाच्या हातून हरला आणि हरल्यावर मागे काय उरलं, याचं उत्तर वाचक मागतो. माझ्या मते यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा आणि लेखक सगळ्यांत कमी कागद त्यालाच देतात.

हत्याराच्या बाबतीत हिरण्यकश्यपूच्या कथेला अजून तोड नाही. वर मागताना त्याने एकूण एक पळवाट बुजवली. माणसाकडून नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्राने तर नकोच. ऐकणारं पोर तिथपासूनच डोकं खाजवायला लागतं की मग हा मरणार कसा? आणि उत्तर येतं तेव्हा एकही अट मोडलेली नसते. तिन्हीसांज, उंबरठा, मांडी, नखं आणि धड ना माणूस ना पशू असा नरसिंह. मुरलेल्या वकिलाने समोरच्याचाच करारनामा शांतपणे वाचून दाखवावा, तसा हा शेवट आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने (1993) हीच युक्ती धंदेवाईक चित्रपटात वापरली. बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू मरेल तो दोन भुवयांच्या बरोबर मध्ये गोळी बसली तरच. एवढी एक अट सांगून ठेवल्यामुळे शेवटच्या झटापटीतल्या प्रत्येक हुकलेल्या गोळीला अर्थ येतो. समीक्षक अशा चित्रपटांकडे सहसा फिरकत नाहीत, पण पटकथा शिकणाऱ्याने जरूर फिरकावं.

याच्या उलट टोकाला 'द बॅड सीड' हा 1956 चा अमेरिकी चित्रपट आहे. विल्यम मार्च यांच्या 1954 च्या कादंबरीत आठ वर्षांची ऱ्होडा खून करते आणि शेवटी आई मरते, मुलगी मात्र सुखरूप राहते. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो तिच्या त्या निवांतपणामुळे. पण हॉलिवूडमध्ये तेव्हा नीतिसंहितेचा अंमल होता. 1934 पासून ती कडकपणे लागू होती आणि गुन्हेगार पडद्यावर सुटता कामा नये असा दंडक होता. म्हणून चित्रपटात आई वाचते आणि मुलीवर वीज कोसळते. शब्दशः वीज. वर आणखी, सगळे कलाकार प्रेक्षकांना अभिवादन करायला येतात आणि आईची भूमिका करणारी नटी त्या पोरीला मांडीवर आडवी घेऊन चार रट्टे देते, म्हणजे 'हे सगळं खोटं होतं बरं का' याचीही खात्री! संहितेचं पोट भरलं, गोष्ट उपाशी राहिली.

आभाळातून पडणारा प्रत्येक शेवट वाईटच असतो असं मात्र नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'मध्ये (1899) म्हातारा नवरदेव भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट आणि मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित यांनी शारदेचं लग्न जवळजवळ लावलेलंच असतं. ते मोडतं कशाने? वधूवर सगोत्र निघतात म्हणून. पहिल्यांदा वाचताना ही पळवाट वाटते. शारदेचं बळ कुठे दिसलं, असा प्रश्न पडतो. थोडं थांबलं की देवलांचा डाव कळतो. कोवळ्या मुलीचं रडणं ज्या समाजाला ऐकू येत नाही, तो समाज गोत्राची चूक निघताच हातातल्या अक्षता खाली ठेवतो. खलनायक हरला, पण ज्या नियमाने हरला तो नियमच प्रेक्षकाला टोचत राहिला. आणि एवढ्याने शारदेची सुटकाही होत नाही. मोडलेल्या लग्नाचा डाग घेऊन ती जीव द्यायला निघते, ते या शेवटाचं खरं मोजमाप.

कुणाच्या हातून, या प्रश्नावर आपल्याकडचा सगळ्यांत बोलका दाखला 'शोले'चा. गब्बर ठाकूरचं कुटुंब संपवतो, त्याचे दोन्ही हात तोडतो. ठाकूर दोन चोरांना पैसे देऊन सांगतो की गब्बर मला जिवंत हवा. गोष्टीने तिथेच वचन दिलं की शेवटचा हिशेब ठाकूर स्वतः चुकता करणार. रमेश सिप्पींनी मुळात चित्रित केलेला शेवट तसाच होता. नोकर रामलाल ठाकूरच्या जोड्यांच्या तळव्यांना खिळे ठोकतो आणि हात नसलेला माणूस पायांनी गब्बरला संपवतो. 15 ऑगस्ट 1975 ला चित्रपट लागला तेव्हा देशात आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चालेना. शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन क्षणी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बर जिवंत पकडला जातो.

पन्नास वर्षं आपण तोच शेवट पाहिला आणि कुणी चित्रपटगृहातून पैसे परत मागितले नाहीत, हेही खरं. तरी पोलिसांची ती गाडी पाहताना काहीतरी आखडल्यासारखं वाटायचं. मूळ शेवट असलेली प्रत आता दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर आली आहे. तिच्यातला मोलाचा भाग गब्बरचा मृत्यू नसून त्यानंतरचे क्षण आहेत, असं मला वाटतं. ठाकूर जिंकतो आणि मग कोसळून रडतो. ज्या सूडावर तो इतकी वर्षं जगला तो हातावेगळा झाला आणि हवेलीत उरली एक विधवा सून. सेन्सॉरने हिंसा कापली असं म्हणतात. कापलं गेलं ते हिंसेचं फळ.

सरकारला खलनायकाच्या शेवटात रस असण्याची ही पहिली वेळ नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये त्यावर बंदी आली. कथा विराटपर्वातली, सगळ्यांना पाठ. पण माजलेल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, सैरंध्रीत पिचलेला देश, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. 'शोले'त राज्यकर्त्यांना खलनायक कुणी मारावा याची चिंता होती; 'कीचकवधा'त तो मेला, हीच अडचण होती.

नायकाचे हात स्वच्छ राहावेत म्हणून काही परंपरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. डिस्नेचे खलनायक उंचावरून पडतात. 1937 ची 'स्नो व्हाइट'ची राणी कड्यावरून, 1991 चा गॅस्टन वाड्यावरून. 'द लायन किंग'मध्ये (1994) सिंबा स्कार या काकाला जीवदान देतो. स्कारला फाडतात ती त्याचीच तरसं, कारण संकटात सापडल्यावर त्याने दोष त्यांच्यावर ढकललेला त्यांनी ऐकलेला असतो. नुसत्या पडण्यापेक्षा हे सरस. गद्दारी करणारा गद्दारीनेच गेला.

टोल्किननी मात्र याच वाटेवर फार मोठं काम केलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये दुष्टाची अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ती आगीत टाकायच्या क्षणी हरतो, ती स्वतःच्या बोटात घालतो. काम होतं ते गॉलमच्या हावेमुळे. तो बोटासकट अंगठी तोडतो आणि तोल जाऊन ज्वालामुखीत पडतो. हा योगायोग वाटत नाही, कारण आधी बिल्बोने आणि मग फ्रोडोने गॉलमला मारायची संधी असून सोडलेलं असतं. दयेचं बी शेकडो पानं आधी पेरलेलं होतं. त्यानंतरही 'द रिटर्न ऑफ द किंग' (1955) संपत नाही. फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती घरी परततात तर मांत्रिक सारूमानने त्यांचं गाव उजाड केलेलं: झाडं तोडलेली, पाटलांच्या जागी गुंड. मोठ्या लढाईतून आलेल्या या चौघांना आपल्याच बांधावर पुन्हा लढावं लागतं. 2003 च्या चित्रपटात हा भाग गाळला. चित्रपट लांब झाला असता हे मान्य, पण त्या गाळण्याने दुष्टावा नेहमी दूरच्या काळ्या डोंगरात राहतो असा समज पक्का झाला. पुस्तक तसं म्हणत नाही.

हॅरी पॉटरच्या शेवटाची पुस्तकातली आणि पडद्यावरची मांडणी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. 2007 च्या पुस्तकात व्होल्डेमॉर्ट शाळेच्या भरलेल्या सभागृहात, सगळ्यांच्या देखत, स्वतःचाच शाप उलटून मरतो आणि त्याचं प्रेत चारचौघांसारखं जमिनीवर पडतं. मृत्यूला जिंकायला निघालेल्याची यापेक्षा मोठी मानहानी नाही. 2011 च्या चित्रपटात तो हॅरीसमोर ओसाड अंगणात राखेच्या पापुद्र्यांसारखा हवेत विरून जातो. डोळ्यांना छान, अर्थाने उलटं. ज्याला साधं माणूस ठरवायचं होतं त्याला अखेरच्या क्षणी अद्भुत करून टाकलं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना ते प्रेत दिसलंही नाही. पराभवाला साक्षीदार लागतात. मोरिआर्टीचं प्रेतही कुणाला दिसत नाही, पण तिथे कारण वेगळं. होम्सला कंटाळलेल्या कॉनन डॉयलने 1893 मध्ये त्याला संपवण्यापुरता तो खलनायक घडवला, दोघांना राइखेनबाखच्या धबधब्यात ढकललं आणि 1903 मध्ये वाचकांच्या रेट्यापुढे नमून फक्त होम्सला वर काढलं.

मारूच नये, हाही एक मार्ग आहे आणि आपल्या मातीत तो चांगला रुजलेला आहे. जेजुरीला जाणाऱ्याला मणि-मल्लांची कथा सांगावी लागत नाही. खंडोबाने दोघा दैत्य भावांना हरवलं. मणीने शरण येऊन आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवाजवळ राहायला मिळावं असं मागितलं. मल्ल मरतानाही माणसांचा नाश मागत राहिला. प्रचलित कथेप्रमाणे मणी देवाच्या परिवारात गेला, त्याला मान मिळतो, नैवेद्यही. मल्लाचं मस्तक देवळाच्या पायरीशी आहे, भक्त त्यावर पाय देऊन वर चढतात. एकाच लढाईत, एकाच आईच्या दोन मुलांना दोन शेवट. दोघांनाही देवळाबाहेर घालवलेलं नाही, ही यातली खुबी. चंपाषष्ठीला जिंकल्याचा उत्सव होतो तेव्हा हरलेलेही हजर असतात.

अश्वत्थाम्याला तर मरणच नाकारलं. कपाळावरचा मणी उपटून भळभळती जखम घेऊन त्याला भटकत ठेवलं, आणि नर्मदाकाठी, सातपुड्यात तो अजून जखमेला तेल मागतो असं लोक सांगतात. बळीचा मामला आणखी वेगळा. वामनाने पाताळात घातलेल्या या राजाच्या नावाने दिवाळीतली प्रतिपदा ओळखली जाते आणि घराघरांतून त्याचंच राज्य परत येवो असं म्हटलं जातं. 1873 च्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी या कथेतला खलनायक कोण, हा प्रश्नच उलटा केला. पुराणकाराने लिहिलेला पराभव वाचकांनी नामंजूर केल्याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. ज्याला हरवायचं तो खरोखर हरवण्याजोगा होता का, हे लेखकाने आधीच नीट पाहिलं नाही तर पुढच्या पिढ्या पाहतात.

कोकणातल्या दशावतारात हा सगळा भार हसण्यावारी नेलेला आहे. आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, काळ्या कपड्यांतला, लांब जिभेचा संकासुर येतो, मालवणीत टोमणे मारतो, पोरंटोरं खूश, आणि मग विष्णू त्याला मारतो. ते मरण निव्वळ उपचार असतं. धाक मोडण्याचं काम हशाने आधीच केलेलं असतं.

आता 'घाशीराम कोतवाल'. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, 1972. पुण्यात अपमान होऊन तुरुंगात गेलेला कनोजी ब्राह्मण घाशीराम शहराचा सूड घ्यायची शपथ घेतो, स्वतःची मुलगी नाना फडणविसाला देऊन कोतवाली मिळवतो आणि पुण्याला रडवतो. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात तेव्हा लोक उसळतात. नाना थंडपणे हुकूम देतो आणि जमाव घाशीरामाला दगडांनी ठेचतो. इतिहासातल्या कोतवालाचाही 1791 मध्ये असाच अंत झाला. नाटकात मात्र दगड थांबल्यावर नाना पुढे येतो, शहरावरची पीडा टळली असं सांगून उत्सव जाहीर करतो आणि मघाची सगळी मंडळी पुन्हा नाचायला लागतात. घाशीरामाला ज्याने घडवलं, वापरलं आणि नको झाल्यावर लोकांपुढे टाकलं तो टाळ्या घेऊन जातो. खलनायकाचा पराभव हा दुसऱ्या, मोठ्या खलनायकाचा विजय असू शकतो, हे मराठी रंगभूमीवर इतक्या स्वच्छपणे कुणी दाखवलं नव्हतं. वाद पेटला तो नानांच्या चित्रणावरून. शेवटाच्या या रचनेवर मानाने कमी बोललं गेलं.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (1919) व्यसनाला चटावलेला तळीराम मरतो आणि त्याने काहीच बदलत नाही. खरा खलनायक पेल्यात बसलेला असतो, तो दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकरला आणि त्याच्या बायकोला, सिंधूला, घेऊन जातो. 'सिंहासन'मध्ये (1979) कुणीच हरत नाही, वेडा होतो तो पाहणारा पत्रकार. 'सैराट'मध्ये (2016) तर मारेकरी हातात भेटी घेऊन पळून गेलेल्या जोडप्याच्या घरात येतात आणि काम उरकून जातात. तिथे पराभव लिहायची जबाबदारी नागराज मंजुळे प्रेक्षकावर टाकतात. हे शेवट अंगावर येतात ते खलनायक सुटला म्हणून नाही. त्याच्या सुटण्याची कारणं आधीच्या दोन तासांत इमानाने मांडलेली असतात म्हणून. नुसता धक्का द्यायचा म्हणून दुष्टाला जिंकवणारे हल्ली पुष्कळ झालेत, त्यांची गोष्ट वेगळी.

दैनंदिन मालिकांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे खलनायिका दर सोमवारी हरते आणि बुधवारी नवं कारस्थान करते, कारण ती संपली तर मालिका संपेल. 'रात्रीस खेळ चाले'त अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. दुसरं पर्व मागच्या काळात नेलं आणि अण्णा जिवंत झाले. धंद्याच्या दृष्टीने उत्तम.

दिवाळी अंकांचे दिवस जवळ आले की कित्येकांच्या कथा शेवटच्या पाच पानांवर अडलेल्या असतात. अशांनी पिस्तूल, पोलीस आणि पश्चात्ताप हे तीन दरवाजे थोडा वेळ बंद ठेवावेत आणि आपला खलनायक वाचकाला पहिल्यांदा भेटला ते पान काढून वाचावं. तो तिथे कशाच्या जोरावर उभा आहे, कुणाला तुच्छ लेखतोय, कुणाच्या पैशावर जगतोय, हे तिथे लिहिलेलं असेल. तिथे नसेल तर दुरुस्ती शेवटात करू नका, त्या पानावर करा. आणि तो पडल्यानंतर निदान दोन पानं राखून ठेवा, त्याने ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासाठी.